जुन्या आट्यांत नवा बोल्ट : प्रस्तावना

वर्कशॉपवरचं कोणतंही पुस्तक उघडलं की पहिलं प्रकरण ड्रॉइंगचं असतं. आधी नकाशा वाचा, मग माल निवडा, मग मापात कापा. कारखान्यासाठी हा क्रम बरोबर आहे. यवतमाळ जिल्ह्यात मात्र दारव्ह्याला, वणीला किंवा उमरखेडला लेथच्या कुठल्याही दुकानात दिवसभर बसून पाहा, नकाशा घेऊन आलेला माणूस दिसायचा नाही. माणूस येतो तो खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला तुकडा घेऊन. थ्रेशरचा शाफ्ट, कडबा कुट्टीचा गिअर, पंपाची बुश, नाहीतर आटे गेलेला बोल्ट. आणि त्याचं म्हणणं ठरलेलं असतं: "मिस्त्री, अस्साच करून द्या. आन् आजच पायजे, मजूर बसून हायेत."

अस्साच करून दिला तर मोडकाच भाग पुन्हा तयार होतो. समोरचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी घासून बारीक झालेला आहे, गिअरच्या दातांची टोकं झिजली आहेत, बोल्ट ताणला गेला आहे. आपल्याकडे मोडलेला भाग हाच नकाशा असतो आणि तो नकाशा चुकीचा असतो. त्या चुकीच्या नकाशावरून बरोबर माप कसं काढायचं, हा या पुस्तकाचा विषय. कानस मारणं, ड्रिल, टॅपिंग, लेथकाम, वेल्डिंग हे सगळं पुढे येतं, पण येतं ते या कामाच्या सोयीने.

हे पुस्तक लिहिताना डोळ्यांपुढे तीन प्रकारची माणसं होती. आयटीआयमधून फिटर किंवा टर्नर होऊन पुण्याला न जाता गावीच राहिलेला मुलगा. घरी वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर असलेला, स्वतःची अवजारं स्वतः नीट करू पाहणारा कास्तकार. आणि लोखंडकामाची निव्वळ हौस असलेला एखादा मास्तर किंवा बँकेतला माणूस. तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत. पण तिघांकडेही कारखान्यासारखी मशीनांची रांग नाही, मदतीला ड्रॉइंग ऑफिस नाही आणि मोडलेली वस्तू मात्र समोर पडलेली आहे.

इंग्रजीत घरगुती वर्कशॉपवर भरपूर लिहिलं गेलं आहे. लंडनहून 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक १८९८ साली निघालं आणि तिथल्या हौशी लोकांनी घरामागच्या शेडमध्ये वाफेची छोटी इंजिनं घडवण्याची एक परंपराच उभी केली. त्या साहित्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्याचा सगळा भर नवं काही घडवण्यावर आहे. तिथला कारागीर आधी एक बाजू बनवतो आणि मग दुसरी बाजू तिला जुळवतो; दोन्ही बाजू त्याच्याच हातातल्या. आपल्याकडे दुसरी बाजू शेतात उभ्या असलेल्या मशीनमध्ये आहे, झिजलेली आहे, आणि ती दुकानापर्यंत येणारच नाही. म्हणून पहिला नियम हा की काम हातात घेण्याआधी प्रश्न विचारायचे. हा भाग कशावर बसतो? कशाने फिरतो? दुसरी बाजू बदलली आहे का? याआधी कुणी हात लावला होता का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अनेकदा आपल्यासमोर मूळ भाग नसतोच, आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती असते.

या जिल्ह्याचा यंत्रांशी संबंध आला तो कापसामुळे. १९०५ साली 'वणी' जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं, त्या सुमारास कापूस बाहेर नेण्यासाठी रेल्वेची आखणी सुरू होती. किलिक निक्सन कंपनीने उभारलेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी गेजची लाइन, म्हणजे आपली शकुंतला. तिच्यावरचं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालं, १९२३ मध्ये रुळांवर आलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं एखादं इंजिन चालतं तेव्हा त्याची बेअरिंगं, पिना, बुशा किती वेळा बदलल्या गेल्या असतील याचा विचार करा. मँचेस्टरहून प्रत्येक पिन मागवली गेली असेल, असं मला तरी वाटत नाही.

जिनांची कथाही तीच. सरकी आणि रुई वेगळी करणारं रोलर जिन फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये अमेरिकेत पेटंट केलं. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी त्या जातीची यंत्रं घडवली आणि ती हिंदुस्थानात आली. आज सगळीकडे दिसणारं डबल रोलर जिन त्याच वंशातलं. चामड्याच्या चकत्यांचा रोलर, त्यावर दाबून बसवलेली स्थिर सुरी आणि एक्सेंट्रिक शाफ्टवर खालीवर होणारी चालती सुरी. हंगामात ते रात्रंदिवस चालतं, पावसाळ्यात उघडलं जातं. रोलरला खाचा पाडणं, सुरीची धार काढणं, घासलेल्या शाफ्टला नवी बुश बसवणं ही कामं करत करत या जिल्ह्यात फिटरांच्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या. त्यांच्या हातात होतं ते ज्ञान कुणी मराठीत उतरवून ठेवलं नाही, ही खरी खंत. जिनं बंद पडत गेली तसं तेही गेलं.

पण त्या यंत्रांबरोबर एक वारसा मात्र राहिला, आणि तो रोज त्रास देतो. तो म्हणजे आटे.

मँचेस्टरचाच जोसेफ व्हिटवर्थ. त्याने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं सर्वमान्य प्रमाण मांडलं: कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरलेले आटे. विदर्भातला कापूस लँकेशायरला गेला आणि तिथून आलेल्या लोखंडात व्हिटवर्थचे आटे आले. मग अमेरिकन प्रमाण आलं, ६० अंशांचं. मग १९५६ चा वजनमाप कायदा झाला आणि आपण मेट्रिकवर गेलो. मेट्रिकचा कोनही ६० अंशांचाच. कायदा बदलला म्हणून जुनी यंत्रं वितळली नाहीत. आजही एकाच थ्रेशरवर मिलिमीटरचं बेअरिंग, इंचात मोजलेला पट्टा (बी-५२ म्हणजे आतून बावन्न इंच) आणि दोन्ही जातींचे बोल्ट सुखाने नांदतात. त्यात दुकानदार सळई मिलिमीटरमध्ये विकतो, पाइप इंचात विकतो आणि शेजारचा सुतार सुतात बोलतो.

अर्धा इंची बोल्ट घ्या. व्हिटवर्थमध्ये त्याला इंचामागे १२ आटे, अमेरिकन जाड्या आट्यात १३. पाव इंच, तीन अष्टमांश, पाच अष्टमांश या मापांत दोन्हीकडे आट्यांची संख्या सारखीच आहे, त्यामुळे कोन वेगळा असूनही नट-बोल्ट एकमेकांत जातात आणि चालूनही जातं. फसवतो तो अर्धा इंचीच. चार-पाच आटे सहज जातो, मग अडतो. इथे हाताखालचा पोरगा पान्याला पाइप लावतो आणि कास्टिंगमधले आटे सोलून काढतो. एम१२ चा बोल्ट याहून धोक्याचा, कारण तो १२ मिलिमीटरचा आणि अर्धा इंच म्हणजे १२.७. तो अडत नाही, सैल का होईना पकडतो, घट्टही झाल्यासारखा वाटतो. भार आला की उपटून येतो. म्हणून आट्यांच्या बाबतीत हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवायचा नाही. पिच गेज नसेल तर व्हर्नियर एक इंचावर, म्हणजे २५.४ मिलिमीटरवर उघडा, बोल्टला लावा आणि माथे मोजा. बारा आले, तेरा आले की साडेचौदा आले? साडेचौदा आले तर पावणेदोन मिलिमीटर पिचचा मेट्रिक. मोजायला अर्धा मिनिट लागतं. शक्यतो बोल्टच्या डोक्याजवळचे आटे मोजावेत, कारण नट फिरतो तिथले ताणले गेलेले असतात.

झिजलेल्या भागाकडून खरं काढून घ्यायचं तर त्याच्या न झिजलेल्या जागा शोधाव्या लागतात. शाफ्टचं मूळ माप बेअरिंगखाली सापडणार नाही. ते किल्लीच्या खाचेजवळ, पुलीच्या आडोशाला, टोकाच्या गंजलेल्या भागात सापडेल. तेही नसेल तर बेअरिंग आहे. शाफ्ट झिजतो, घर झिजतं, पण बेअरिंगवर कोरलेला नंबर बदलत नाही. ६२०५ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा: २५ मिलिमीटर आतला व्यास. बाहेरचा ५२, रुंदी १५. ६२०६ असेल तर ३०, ६२ आणि १६. फक्त ००, ०१, ०२ आणि ०३ हे चार आकडे या नियमात बसत नाहीत. त्यांचे व्यास अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७. समोरच्या शाफ्टवर २९.६ मोजलं गेलं आणि त्यावरचं बेअरिंग ६२०६ निघालं, तर मूळ माप ३० होतं आणि चार दशांश झीज झाली आहे. वाद संपला.

गिअर जास्त लबाड. ग्राहक तीस दातांचा गिअर आणून ठेवतो. बाहेरचा व्यास मोजायचा, दातांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागायचं, की मॉड्यूल मिळतं. ८० मिलिमीटर भागिले ३२, म्हणजे अडीच मॉड्यूल. छान. पण व्यास ८१.२ आला तर? अडीचच्या जवळ आहे म्हणून अडीचचा कटर लावला तर फसलात. ८१.२८ भागिले ३२ म्हणजे २.५४, आणि २५.४ ला १० ने भागलं तरी २.५४. हा इंचातल्या मोजणीचा, दहा डायमेट्रल पिचचा गिअर आहे. टोकं किंचित झिजली म्हणून शेवटचे आठ शतांश गेले. अडीच मॉड्यूलचा जोडीदार त्याच्यासोबत फिरेल, आवाज करेल आणि एका हंगामात दोघेही दात गमावतील. मशीन कुठल्या देशातलं, कुठल्या काळातलं, हा प्रश्न इथे इतिहासाचा उरत नाही. गिअरवरच्या प्रकरणात अशी चार-पाच उदाहरणं आकड्यांनिशी सोडवली आहेत. कागद-पेन घेऊन बसावं.

आता त्या तीस मिलिमीटरच्या शाफ्टकडे परत येतो, कारण या जिल्ह्यातलं सर्वांत नेहमीचं काम तेच. बेअरिंग शाफ्टवर सैल फिरतं. त्यावरचा लोकप्रिय इलाज म्हणजे सेंटर पंच घेऊन शाफ्टवर चहूबाजूंनी ठोके मारायचे. ठोक्याभोवती धातू उठतो, बेअरिंग घट्ट बसतं, दहा मिनिटांत काम, गिऱ्हाईक खूश. मला विचाराल तर पंचाचे ठोके हे आपल्या वर्कशॉपांमधलं सर्वांत मोठं पाप. बेअरिंग टेकतं ते मोजक्या उंचवट्यांवर. ते दोन दिवसांत दबतात, बेअरिंग पुन्हा फिरू लागतं आणि आता शाफ्टची उरलीसुरली खरी जागाही गेलेली असते. रात्री दहा वाजता, शेतात, पाऊस तोंडावर असताना पंच मारावा लागला तर मारा. पण दुसऱ्या दिवशी शाफ्ट बाहेर काढा.

नीट करायचं तर वेल्डिंगने भरून लेथवर उतरवायचं, किंवा जाडी असेल तर उतरवून स्लीव्ह बसवायची. भरताना एकाच बाजूने टाके मारत गेलं तर शाफ्ट वाकतो. एक टाका वर, पुढचा बरोबर समोर खाली, असं फिरत जायचं आणि मध्ये गार होऊ द्यायचं. मग ३० मिलिमीटरला एक शतांश वर, फार तर दीड शतांश वर, इथे थांबायचं. आणि इथे यवतमाळचा मे महिना आडवा येतो.

लोक म्हणतात, पंचेचाळीस अंशांत मापं कशी बरोबर येणार? खरं सांगायचं तर येतात. मायक्रोमीटर पोलादाचा, शाफ्ट पोलादाचा. दोन्ही पंचेचाळीस अंशांवर असतील तर दोन्ही सारखेच फुगलेले असतात. उन्हाळा फसवत नाही, तापमानातला फरक फसवतो. नुकताच टर्न केलेला शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा चाळीस अंशांनी जास्त गरम असेल तर तीस मिलिमीटरवर जवळजवळ दीड शतांश जादा दिसतं. तुम्ही एक शतांश वर ठेवून समाधानाने शाफ्ट काढता, तो गार होतो आणि बेअरिंग हाताने आत सरकतं. उलटही होतं: मायक्रोमीटर खिडकीत उन्हात पडलेला आणि शाफ्ट सावलीत. उपाय फुकटचा आहे, चहा प्या. शेवटचा काप घेण्याआधी शाफ्ट, बेअरिंग आणि मायक्रोमीटर तिन्ही एकाच टेबलावर अर्धा तास ठेवायचे.

उष्णतेने लोखंड फुगतं हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही, इथल्या लोहार-सुतारांना ते माहीत होतं. बंडीच्या लाकडी चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. चाकाच्या घेराहून धाव मुद्दाम थोडी लहान ठेवायची. जमिनीवर आडवी ठेवून गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, तिघा-चौघांनी सांडशींनी उचलून चाकावर टाकायची, हातोड्याने बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. हिशेब करून पाहा: चार फुटी चाकाचा घेर पावणेचार मीटरहून थोडा जास्त, पाचशे अंशांनी तापवलं तर धावेचा घेर सुमारे २३ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्या वाढीवर धाव चाकावर चढते, आणि गार होताना आरे, तुंबा, पाटे सगळे आवळून धरते. खिळा नाही, बोल्ट नाही.

हीच युक्ती बेअरिंगला. चाळीस मिलिमीटरचं बेअरिंग तेलात ऐंशी अंशांनी गरम केलं की जवळजवळ चार शतांश फुगतं आणि हातोडा न लावता शाफ्टवर सरकतं. बेअरिंग ठोकून बसवणारे मिस्त्री मी जागोजागी पाहतो. त्यांच्या आज्याने कधी गार धाव ठोकून बसवली नव्हती. तेलाच्या भांड्याच्या बुडाला बेअरिंग टेकू द्यायचं नाही, ते तारेने टांगायचं, आणि एकशेवीस अंशांच्या वर न्यायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

पेरणीच्या आधी रस्त्याच्या कडेला पाल टाकणाऱ्या घिसाड्यांकडून शिकावं असं आणखी एक काम म्हणजे पाणी देणं. ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यातून खुरपं किंवा डवऱ्याची फास घडवली की तिला कडकपणा यावा म्हणून लाल करून विझवतात. नवशिका थेट बादलीभर थंड पाण्यात अख्खी बुडवतो आणि बारीक 'टिक' आवाज येतो. तो तडा गेल्याचा असतो. कमानीच्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो, त्याला तेल बरं. किती तापवायचं? चुंबक चिकटायचं बंद झालं (ते सुमारे ७७० अंशांना होतं) की त्याहून थोडं वर. रंग पाहायचा तर सावलीत; उन्हात लाल रंग दिसतच नाही आणि लोखंड जळून जातं. घिसाडी पाण्यातच विझवतो, पण त्याची खुबी वेगळी आहे: तो फक्त धारेचा भाग क्षणभर बुडवून बाहेर काढतो, दगडावर घासून चकचकीत करतो आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे येताना पाहत बसतो. फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा म्हणजे २२०–२३० अंश, निळा ३०० च्या आसपास. छन्नीला जांभळा दिसताच विझवायचं, खुरप्याला निळा येऊ द्यायचा. हे सगळं तो थर्मामीटरशिवाय करतो, आणि आमच्यापैकी अनेकजण थर्मामीटर घेऊनही बिघडवतात.

घरच्या वर्कशॉपसाठी काय घ्यावं, याबद्दल थोडक्यात. सविस्तर पुढे आहे. लेथ सर्वांत शेवटी घ्या. आधी चार किंवा पाच इंची शेगडा, आणि तो हलणार नाही असं टेबल. मग तीन कानशी, हॅक्सॉ, गुण्या, पंच, टॅप-डायचे मोजके सेट, १५० मिलिमीटरचा व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. पातळ पत्रा कापताना ब्लेडचे किमान तीन दात पत्र्यावर असले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. वेगाचा एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: ८००० भागिले व्यास. पंचवीस मिलिमीटरचं मऊ लोखंड हायस्पीड टूलने टर्न करायचं तर मिनिटाला ३२० फेरे, सहाच्या ड्रिलला तेराशे. आपल्याकडे ड्रिल जळतात ती बहुतेक वेळा वेग जास्त आणि दाब कमी असतो म्हणून. माल घ्यायला नागपूरच्या इतवारीत, लोहाओळीला जाल तेव्हा वजनाचा हिशेब तोंडपाठ असू द्या: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. पंचवीसची सळई ३.८६ किलो भरते. दुकानदार त्याहून फार वेगळं सांगत असेल तर सळई तरी पंचवीसची नाही किंवा काटा तरी.

लेथ आपल्याकडे बेडच्या लांबीवर फुटांत विकला जातो: साडेचार फुटी, सहा फुटी. राजकोट आणि बटाल्याचे नवे लेथ आहेत, आणि कधी कुठल्या लिलावात जुना किर्लोस्कर किंवा एचएमटी निघतो. मराठी माणसाच्या लेथप्रेमाचा इतिहास १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढणाऱ्या आणि नंतर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभारणाऱ्या लक्ष्मणरावांपर्यंत नेता येतो; त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ बनवले. पण नावावर भाळू नका. जुना लेथ बघताना सॅडल चकजवळ किंचित आवळा आणि टेलस्टॉककडे सरकवा. तिकडे जाऊन अडकला तर बेड चकजवळ झिजला आहे. मग चकमध्ये जाड सळई पकडून, टेलस्टॉक न लावता, दोन ठिकाणी कॉलर ठेवून एकाच कापात दोन्ही टर्न करा आणि मोजा. फरक किती हे कळलं की किंमत ठरवता येते. हँडलमधला ढिलेपणा ही मोठी गोष्ट नाही. विकणारा मात्र ती लपवायला धडपडतो आणि बेडबद्दल गप्प राहतो.

विजेचा प्रश्न टाळून चालणार नाही. गावठाण फीडरवर घरात सिंगल फेज असते. थ्री फेज शेतीच्या फीडरवर आणि तीही पाळीने. शेतीच्या कनेक्शनवर लेथ चालवणं बेकायदा आहे आणि रात्री दीड वाजता चालवणं मूर्खपणाचं. सिंगल फेजवर एक ते दोन अश्वशक्तीची मोटर घरगुती लेथला पुरते. थ्री फेज मोटरचा जुना लेथ मिळाला तर सिंगल फेजवरून चालणारा व्हीएफडी लावा, वेगही कमीजास्त करता येतो. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर घसरलं की कपॅसिटरवाली मोटर पुरता वेग घेत नाही, सुरुवातीची गुंडाळी सुटत नाही आणि मोटर जळते. तेव्हा मशीन बंद, कानस हातात.

सुरक्षिततेचं प्रकरण लोक उलटून टाकतात, म्हणून त्यातली एक गोष्ट इथेच. २०१७ मध्ये या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मा यांचं महत्त्व गावोगाव सांगितलं गेलं, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे आता मुलं लेथवरही हातमोजे घालून उभी राहतात. फवारणीत जे मोजे वाचवतात तेच लेथवर आणि ड्रिलवर हात ओढून नेतात. फिरत्या कामाजवळ मोजे नाहीत, उपरणं नाही, ओढणी नाही, अंगठी नाही, लांब बाही नाही. चष्मा मात्र दोन्हीकडे हवाच. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर असतो. गार्ड काढून ठेवणाऱ्याने हा आकडा एकदा वाचावा. चकची चावी चकमध्ये राहू द्यायची नाही, अगदी हात सोडण्यापुरतीही नाही.

काही कामं या पुस्तकात मुद्दाम घेतलेली नाहीत. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे भाग, ट्रॉलीच्या हूकची पिन, विहिरीवरच्या क्रेनचे भाग, हवेच्या टाक्यांना वेल्डिंग. हे भाग घरी बनवता येत नाहीत असं नाही. त्यातला दोष बाहेरून दिसत नाही आणि तो तपासायची साधनं आपल्याकडे नसतात, एवढंच कारण. असा भाग पोत्यात गुंडाळून कुणी आणला तर त्याला नवा विकत घ्यायला सांगा, हवं तर दुकानाचा पत्ता द्या, आणि जुना तुकडा मात्र ठेवून घ्या. ट्रॉलीच्या पिनेत चांगलं पोलाद असतं; ग्राइंडरवर ठिणगी पाहून त्यात कार्बन किती आहे याचा अंदाज कसा घ्यायचा, हे पहिल्याच प्रकरणात आहे.